विदरहोपची तीन फुलं

१

ही गोष्ट कुणीही खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. या डोंगरांत ती इतक्यांदा सांगून झालीय की आता मेंढ्यासुद्धा ऐकताना माना हलवतात, आणि त्याही नकारार्थी. पण बाहेर पावसानं रस्ता धुऊन नेलाय, तुमच्या ग्लासात अजून निम्मी बियर आहे, आणि हा पब सोडून तुम्ही जाणार तरी कुठं? तेव्हा ऐका.

विदरहोपच्या किल्ल्यावर वारा असा की कावळे पुढं बघत मागं उडतात. स्कॉट लोकांनी तो किल्ला इतक्या वेळा जाळला की शेवटी जाळायला येणाऱ्यांनाच कंटाळा आला. उरलं होतं ते एवढंच: एक बुरुज, एक कमानीचा दरवाजा, पहारेकऱ्यांची खोली, तळघरातला कैदखाना, अंगणातली विहीर आणि छप्पर नसलेलं प्रार्थनाघर. त्या प्रार्थनाघरात, दक्षिणेच्या भिंतीशी, एक जुनं पांढऱ्या गुलाबाचं झाड होतं.

चोवीस जूनच्या सकाळी अल्फ्रेड थर्लवेल त्या झाडापाशी गेला आणि जागच्या जागी थिजला.

आदल्या दिवशी संध्याकाळी, किल्ला बंद करताना, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी झाडावर तीन फुलं पाहिली होती. यंदा थंडी लांबली होती, कळ्या करपल्या होत्या, तीनच काय ती उमलली होती. आता झाड बोडकं होतं. खाली एक पाकळीसुद्धा पडलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, तीन फुलं गेली तर एवढं काय? तर ऐका. विदरहोपचा किल्ला गावाचा होता, पण एका अटीवर. दर वर्षी चोवीस जूनला, चर्चच्या घड्याळात बारा वाजायच्या आत, त्याच झाडाचं एक फूल गावानं हॅल्टनशॉ घराण्याच्या माणसाच्या उघड्या हातावर ठेवायचं. ठेवलं, की आणखी एक वर्ष किल्ला गावाचा. चुकलं, की बुरुजापासून बांधापर्यंत सगळी जमीन पुन्हा घराण्याची. कित्येक पिढ्या ती नुसती गंमत होती. म्हातारे हॅल्टनशॉ यायचे, फूल कोटाला लावायचे, चहा प्यायचे आणि जायचे. पण म्हातारे गेले. यंदा त्यांचा नातू पेरेग्रिन लंडनहून येणार होता. त्याला तिथं सुट्टीवाल्यांसाठी लाकडी घरं बांधायची होती, आणि हे त्यानं अगदी नम्रपणे गावाला कळवलंही होतं. फूल मिळालं तर आनंदानं परत जाईन, असंही म्हणाला होता.

आणि थर्लवेलचं म्हणाल, तर तो निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. बायको नोरा वारल्यापासून तो किल्ल्यावर येणाऱ्यांना पगार न घेता किल्ला दाखवायचा. ते काम आधी नोराचं होतं. जन्मात ज्यानं एक कायदा मोडला नव्हता त्या माणसानं, दोन वर्षांपूर्वी, कुणाची परवानगी न घेता, नोराची राख त्या गुलाबाच्या मुळाशी मिसळून टाकली होती. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आपलीही मूठभर राख तिथंच पडावी, याशिवाय त्याला आता जगाकडून काही नको होतं.

तो गुडघ्यावर बसला. मग त्याला देठ दिसले.

फुलं गळलेली नव्हती. कुणीतरी ती काढून नेली होती.

२

रात्री किल्ल्याचा दरवाजा बंद असतो. कुलूप धड होतं. भिंती चढायला माणूस माकड असावा लागतो, आणि आमच्याकडे माकडं फक्त लंडनहून येतात. किल्ल्या चार. एक थर्लवेलच्या खिशात. दुसरी चहाची खोली चालवणाऱ्या मेव्हिस डॉड्सकडे, तिसरी तिकिटं देणाऱ्या कथ्बर्ट स्टोरीकडे आणि चौथी पाद्रीबुवांकडे, सेप्टिमस रॉडम यांच्याकडे. म्हणजे चोर या तिघांतलाच.

थर्लवेलनं चष्मा पुसला आणि देठ नीट पाहिले.

पहिला देठ तिरका कापलेला, नवा कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर, असा स्वच्छ की झाडाला कळलंसुद्धा नसेल. दुसरा चेचल्यासारखा, बोथट धारेनं घासून घासून कापलेला, आणि त्यावर मुंग्यांची रांग लागलेली. बाकी झाडावर मुंगी नव्हती. तिसरा तर कापलेलाच नव्हता. ओरबाडून पिरगळला होता, सालीची लांब चिंधी खाली लोंबत होती.

थर्लवेल देठांवरून नजर काढेना. दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, त्याच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं. तीस वर्षं पोलिसात काढून त्याच्या वाट्याला आल्या त्या हरवलेल्या मेंढ्या, चोरलेल्या सायकली आणि एकदा एक वाजंत्र्याचा ढोल. संशयितांना एका खोलीत बसवून एकेक धागा उलगडायचं भाग्य त्याला एकदाही लाभलं नव्हतं. नोरा चिडवायची, "अल्फ, तुझ्यासाठी मीच एखादा खून करू का?"

'तीन फुलं, तीन तऱ्हा,' तो स्वतःशी म्हणाला. 'माग लागू नये म्हणून प्रत्येक फूल वेगळ्या रीतीनं काढलंय. हा साधा चोर नाही.'

तिघांनाही त्यानं अंगणात बोलावलं. तिघांनीही झाड पाहिलं. तिघांचेही चेहरे पांढरे पडले, आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहून झटकन मान फिरवली.

"एक सांगतो," थर्लवेल म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ज्याच्याकडे यातलं एक फूल जरी सापडलं, तो चोर. मग तो कुणी का असेना. या खोऱ्यात त्याला तोंड दाखवायला मी जागा ठेवणार नाही. बारा वाजेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही."

पाद्रीबुवांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

खाली कमानीत एक लांब हिरवी गाडी येऊन थांबली होती. पेरेग्रिन हॅल्टनशॉ वेळेआधीच आला होता.

३

किल्ला पाहायला आलेल्यांना यातलं काही सांगून चालणार नव्हतं. संडरलंडहून म्हाताऱ्यांची एक बस आली होती. ती मंडळी तळघरातल्या कैदखान्यात बसून काकडीचे सँडविच खात होती. एका आजीबाईंनी थर्लवेलला वाटेतच गाठलं.

"अहो, भूत किती वाजता असतं?"

"आज सुट्टीवर आहे, बाई."

"मग तिकीट पूर्ण का घेतलंत?"

तिला तशीच सोडून तो चहाच्या खोलीत शिरला. मेव्हिसचा चहा असा की त्यात चमचा उभा राहतो, आणि राहिला नाही तर ती चहा ओतून पुन्हा करते. लहानथोर सगळ्यांना ती बाळा म्हणायची, पाद्रीबुवांनासुद्धा.

"बस बाळा. रंग उडालाय तुझा. स्कोन घे."

"नको. काल संध्याकाळी मी गेल्यावर तू इथंच होतीस?"

"मग आज इतक्या माणसांचे स्कोन काय परी येऊन भाजून गेली? इथंच होते." तिनं पुढ्यातल्या स्कोनला सुरीनं मुरंबा फासला, इतका की तो काठावरून ओघळला. "मला कशाला विचारतोस? तिकिटाच्या टपरीत जा. ती लाकडी घरं झाली तर सुतारकाम कुणाला मिळणारे? कथ्बर्टच्या पुतण्याला. सगळं खोरं बोलतंय."

"तुझा कथ्बर्टवर संशय आहे?"

"मी कुठं काय म्हणाले? मी आपली चहा करते."

तिनं कपात दूध ओतलं, ते थेट बाटलीतून. थर्लवेल बघत राहिला. मेव्हिसनं टेबलावर दुधाची बाटली ठेवणं म्हणजे पाद्रीबुवांनी अनवाणी प्रवचन देणं.

"दुधाचं ते निळं भांडं कुठं गेलं?"

"फुटलं."

"कधी?"

"फुटतं बाळा कधीतरी. भांडंच ते."

कचऱ्याच्या डब्यात अंड्यांची टरफलं होती, चहाचा चोथा होता. निळा तुकडा एकही नव्हता. आणि मेव्हिस, जी एरवी दहा ठिकाणी नाचायची, ती कोठीच्या दाराला पाठ लावून उभी होती ती हलेचना.

"मेव्हिस, दारातून बाजूला हो."

"कोठीत लोणी आहे. दार उघडलं की वितळतं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्फ, असा नको ना बघूस माझ्याकडे. नोरा असती तर..."

"नोराचं नाव काढू नकोस," तो इतक्या जोरात ओरडला की बाहेर एक कप फुटला.

४

कथ्बर्ट स्टोरी तिकिटाच्या टपरीत बसला होता. हा माणूस लीक, म्हणजे जाड पांढऱ्या दांड्याचा पातीचा कांदा, पिकवायचा. इथल्या गावागावांतून लीकच्या स्पर्धा होतात हे तुम्हाला ठाऊक असेल, पण कथ्बर्टची लीक पाहिली नसेल. एका वर्षी त्याची एक लीक इतकी वाढली की विमानतळावरून माणूस आला आणि तिच्या टोकाला लाल दिवा लावून गेला. छाटणीची कात्री त्याच्या कोटाच्या खिशात कायम असायची. ती तो बायकोलाही हात लावू द्यायचा नाही.

"बोल, शेरलॉ—" तो म्हणणार होता काहीतरी, पण थर्लवेलचा चेहरा पाहून त्यानं जीभ चावली. "बोल, अल्फ."

"काल संध्याकाळी?"

"घरी. लीकला पाणी."

"तुझ्या बुटांना प्रार्थनाघरातली लाल माती कशी?"

"ती परवाची असेल. मी काय बूट पुसणारा माणूस वाटलो तुला? आणि माझे बूट कसले बघतोस, पाद्रीबुवांचं पोट बघ. म्हातारे होते तोवर दर रविवारी हॅल्टनशॉच्या हवेलीत जेवायला असायचे. भाजलेलं बदक! मला कुणी बदक घालतं का?"

थर्लवेलच्या घशाला कोरड पडली होती. कथ्बर्टच्या मांडीवर त्याचा नेहमीचा फ्लास्क होता.

"घोटभर चहा दे."

"संपला."

"सकाळी सकाळी?"

"तहान लागली होती."

पण रिकामा फ्लास्क कुणी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसत नाही, आणि तो हलला की आत पाणी डुचमळत नाही. थर्लवेलनं ते ऐकलं आणि मनात टिपून ठेवलं. सगळे धागे हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यानं स्वतःला बजावलं होतं.

पाद्रीबुवा बुरुजाच्या पायथ्याशी फेऱ्या घालत होते. भूत मागणाऱ्या त्या आजीबाई समोरून गेल्या, तर बुवांनी नुसती मान लववली. थर्लवेल चमकला. बायका दिसल्या की सेप्टिमस रॉडम यांची हॅट आपोआप उचलली जायची. एकदा तर त्यांनी वाळत घातलेल्या झग्याला हॅट काढली होती. आज हात हॅटकडे गेलासुद्धा नाही. कपाळावरून पाण्याचा एक ओघळ भुवईत येऊन थांबला होता. उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

"अंगठ्याला काय झालं?"

"पाव कापताना." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी कुणावर संशय घेणार नाही, अल्फ. माझ्या व्यवसायात ते बसत नाही. पण ऐकतो की मेव्हिस थकलीय. बहिणीकडे समुद्रकाठी जाऊन राहावं असं तिच्या मनात आहे. किल्ला बंद झाला तर तिला कुणी जाऊ नको म्हणणार नाही."

मेव्हिसचा संशय कथ्बर्टवर, कथ्बर्टचा पाद्रीबुवांवर, पाद्रीबुवांचा मेव्हिसवर. थर्लवेलनं बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. नोराच्या हातचा चहा पिऊन ही तिघं हसायची, तेव्हासुद्धा मनात हेच होतं का?

"अल्फ," पाद्रीबुवांनी त्याची बाही धरली. "मला तुला एक सांगायचंय."

"सगळं सगळ्यांसमोर, पाद्रीबुवा."

"पण वेळ—"

"वेळ मला कळते. पहारेकऱ्यांच्या खोलीत चला. सगळे. आत्ता."

५

त्या खोलीला एक दार आणि एक खिडकी, तीही तीर मारण्यापुरती. थर्लवेलनं दाराला आतून कुलूप घातलं. चोर पळायला नको. खिडकीतून खाली कमान दिसत होती. पेरेग्रिन हॅल्टनशॉ तिथं उभा होता, उजव्या हाताचा हातमोजा काढून, तळहात वर करून. वाऱ्यानं त्याचे केस उडत होते पण हात हलत नव्हता.

मेव्हिसनं मांडीवर कापड घातलेली टोपली ठेवली होती. कथ्बर्टनं फ्लास्क. पाद्रीबुवा छपराखाली येऊनही हॅट घालून बसले होते.

"तुम्हाला इथं का बोलावलंय हे तुम्हाला ठाऊक आहे," थर्लवेलनं सुरुवात केली, आणि मग, मंडळी, त्या माणसाला वाचा फुटली. तीस वर्षं साठलेली. मेंढ्यांवरून तो सायकलींवर आला, सायकलींवरून माणसाच्या स्वभावावर. मेव्हिसनं एकदा ओठ उघडले आणि मिटले. कथ्बर्ट खोकला. पाद्रीबुवांनी हात थोडासा वर केला, वर्गात करतात तसा, आणि थर्लवेलनं तिकडे पाहिलं नाही म्हणून खाली घेतला. आमच्याकडे घराला आग लागली तर आतल्या माणसाला आधी 'माफ करा' म्हणावं लागतं. आणि कुणी बोलत असताना त्याला मध्येच तोडणं? ते तर आग लावण्याहून वाईट.

"आता देठांकडे येऊ," तो म्हणाला. "दुसऱ्या देठावर मुंग्या होत्या. देठाला गोड काय असतं? मुरंबा. म्हणजे मुरंब्याची सुरी वापरली. चहाच्या खोलीतली."

मेव्हिसनं टोपलीवरचा हात घट्ट केला.

"पहिला देठ माळ्यानं कापलाय. डोळ्याच्या वर, तिरका. इतकी चांगली कात्री इथं एकच आहे, आणि तिचा मालक मेला तरी ती दुसऱ्याला देणार नाही. तिसरा हातानं पिरगळलाय. काटा लागलाच असणार. अंगठ्याला."

पाद्रीबुवांनी अंगठा मुठीत लपवला.

"चोरानं तीन माणसांवर आळ यावा म्हणून तीन तऱ्हा केल्या, असं मला वाटलं. म्हणजे त्यानं मेव्हिसची सुरी उचलली, मग कथ्बर्टची कात्री..." तो थांबला. "पण ती कात्री तर कथ्बर्ट कुणाला देतच नाही."

खोलीत इतकी शांतता झाली की कैदखान्यातली काकडी चावल्याचा आवाज येत होता.

थर्लवेलच्या डोळ्यांपुढं एकेक गोष्ट सरकली. टेबलावर नसलेलं निळं भांडं. चहा संपला म्हणून सांगितलेला, तरी आत पाणी डुचमळणारा फ्लास्क. बाईपुढंही न उचललेली हॅट आणि तिच्याखालून आलेला तो ओघळ, जो घामाचा नव्हता. फूल चोरून फेकून देणारा त्याला पाण्यात कशाला ठेवेल?

"एकानं तीन फुलं नेली नाहीत," तो पुटपुटला. "तिघांनी एकेक नेलं. आणि कुणीच चोरलं नाही."

मेव्हिसनं कापड बाजूला केलं. टोपलीत निळं भांडं होतं, भांड्यात पांढरा गुलाब. कथ्बर्टनं फ्लास्कचं झाकण फिरवलं. पाद्रीबुवांनी हॅट काढली. त्यांच्या टकलावर ओला रुमाल होता आणि रुमालावर, जरा चेपलेलं, तिसरं फूल.

६

"मला वाटलं हा पुतण्यापायी सगळी खुडून टाकेल," मेव्हिस कथ्बर्टकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, एक तरी जपून ठेवावं."

"मला वाटलं बुवा बदकाला जागतील," कथ्बर्ट म्हणाला. "मी गेलो तेव्हा दोनच होती. एक घेतलं, एक ठेवलं. दोन्ही घेतली असती तर चोर ठरलो असतो ना."

"मी गेलो तेव्हा एकच होतं." पाद्रीबुवांचा आवाज फाटला. "वाटलं, कुणीतरी एकेक नेतंय. आता हेही जाईल."

"मग सकाळी का नाही बोललात?" थर्लवेल ओरडला. "तिघांपैकी एकानं तरी?"

"तूच म्हणालास, ज्याच्याकडे सापडेल तो चोर," मेव्हिस म्हणाली. "झाड बोडकं. माझ्या हातात एक फूल. बाकीची दोन मी नाही नेली, हे कुणी ऐकलं असतं? मी गुपचूप खाली जाऊन त्याच्या हातावर ठेवणार होते. मग तू दार लावलंस."

"अगं पण आत्ता! इथं! मी बोलत होतो तेव्हा का नाही सांगितलंत?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू बोलत होतास, अल्फ," कथ्बर्ट म्हणाला.

आणि चर्चच्या घड्याळाचा पहिला ठोका पडला.

थर्लवेलनं किल्ली कुलपात घातली. किल्ली उलटी गेली. पुन्हा घातली. कुलूप कधीकाळी राजांना कोंडायला केलेलं, ते घाई कशाला करील? कथ्बर्टनं खांदा लावला. दार उघडलं तेव्हा ठोके चालूच होते. मेव्हिस सगळ्यांत पुढं पळाली, निळ्या भांड्यातलं पाणी तिच्या पोटावर सांडत होतं. तिच्या मागं फ्लास्क. त्याच्या मागं हातात हॅट धरलेले पाद्रीबुवा. सगळ्यांत मागं थर्लवेल, ज्याचे गुडघे दहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते.

मेव्हिस विहिरीपर्यंत पोचली आणि शेवटचा ठोका पडला.

पेरेग्रिन हॅल्टनशॉनं तो पूर्ण विरेपर्यंत हात तसाच ठेवला. अगदी विरेपर्यंत, त्याला वाईट माणूस म्हणता येणार नाही. मग त्यानं पळत येणाऱ्या चौघांकडे पाहिलं, तीन फुलांकडे पाहिलं, आणि हात मिटला.

"मला माफ करा," तो म्हणाला. "खरंच. फार सुंदर फुलं आहेत."

आणि त्यानं हातमोजा चढवला.

मागून टाळ्या ऐकू आल्या. संडरलंडची मंडळी कैदखान्यातून वर आली होती. त्यांना वाटलं, हा खेळ तिकिटातलाच आहे. आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भुतापेक्षा हे बरं होतं हो. कित्ती खरं वाटलं."

७

पाद्रीबुवा पायरीवर बसले. मेव्हिसनं कथ्बर्टच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. एकमेकांविषयी काय वाटतं हे त्या सकाळी एकदा तोंडातून गेलं होतं, आणि किल्ला मिळाला असता तरी ते परत आत गेलं नसतं.

थर्लवेल प्रार्थनाघरात आला. झाडाचे तीन देठ तसेच होते. मुंग्या अजून दुसऱ्यावर चढत होत्या. तो भिंतीला टेकून खाली बसला, मातीवर तळहात ठेवला.

"नोरा," तो म्हणाला, "मी केस सोडवली."

माती गरम होती. त्याला वाटलं, आता ती हसेल, चिडवेल. ती चिडवायची तेव्हा तो आतल्या आत किती सुखावायचा, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. हिशेब त्यानं बिनचूक लावला होता. एक धागा सुटला नव्हता. सकाळी झाडापाशी उभं राहून 'कुणी नेली' असं न विचारता, 'एखादं कुणाकडे आहे का' एवढंच विचारलं असतं, तर मेव्हिसनं कोठीतून ते भांडं हसत आणून दिलं असतं. तेवढं एक वाक्य. कुठल्याही मूर्खाला सुचलं असतं. सुचलं नाही ते फक्त पोलिसाला.

तिची राख इथून कशी उचलायची? कुठली माती कुठली आणि नोरा कुठली, हे आता देवालाही वेगळं करता आलं नसतं.

असे चेहरे पाडू नका, मंडळी. अजून संपलेली नाही. तर थर्लवेल तिथं बसला होता, आणि त्याची नजर बुरुजाच्या सावलीवर गेली. सावली अजून लांब होती! तो ताडकन उठला, गुडघ्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. कारण उन्हाळ्यात आपलं सरकार घड्याळं तासभर पुढं ढकलतं की नाही? आणि मूळ अट लिहिणाऱ्या हॅल्टनशॉच्या पूर्वजाला असलं सरकार कुठं ठाऊक होतं? त्यानं लिहिलं होतं, सूर्य माथ्यावर यायच्या आत; चर्चचं घड्याळ नंतर आलं. सूर्य माथ्यावर यायला अजून तास होता! थर्लवेल बाणासारखा सुटला. हिरवी गाडी निम्मा डोंगर उतरली होती, तरी त्यानं ती पळत गाठली, बॉनेटवर उडी मारली आणि तीनही फुलं काचेवर दाबून धरली. पेरेग्रिन उतरला, त्यानं वर सूर्याकडे पाहिलं, आणि तो लंडनचा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. फुलं त्यानं कोटाला लावली, तीनही. मेव्हिसनं कथ्बर्टला मिठी मारली, कथ्बर्टनं पाद्रीबुवांना आयुष्यात पहिल्यांदा कात्री हातात घेऊ दिली. आजही जा तुम्ही विदरहोपला. मेव्हिसच्या चहात चमचा उभा राहतो. दक्षिणेच्या भिंतीशी ते झाड फुलांनी असं लगडलेलं असतं की भिंत दिसत नाही, आणि त्याच्या सावलीत थर्लवेल बसलेला असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला ही केस सांगत—

"पण आजोबा," शेकोटीजवळ ओले मोजे वाळवत बसलेली एक बाई म्हणाली, "आम्ही शनिवारपासून विदरहोपलाच राहतोय. लाकडी घरात. बुरुजाला तारेचं कुंपण आहे, आणि त्या पडक्या भिंतीशी आम्ही गाडी लावतो. सगळं डांबर आहे तिथं. कसलंच झाड नाही. खोटं सांगताय तुम्ही. म्हणजे फूल त्याच्या हातावर पडलंच नव्हतं."